माणसं बंद, तरी एक उभा

ग्राफिक्स कार्ड मागायला आलेलं गिऱ्हाईक खरं कारण कधीच सांगत नाही. कॉलेजातली पोरं "प्रोजेक्ट आहे" म्हणतात आणि त्यांना गेम खेळायचा असतो. वडील "मुलाच्या अभ्यासासाठी" म्हणतात आणि रविवारी स्वतःच बंदूक घेऊन शत्रूच्या मागे धावत असतात. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनापासून जरा आत, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अर्धं आयुष्य त्यात गेलं, तरी "मालक कुठे आहेत?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. पूर्वी चिडायचे. आता "जेवायला गेलेत" असं सांगते आणि हातातलं काम उरकते. मालक मीच, हे त्यांना पैसे देताना कळतं.

ज्यांचा या भानगडींशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरच्या डब्यात स्क्रीनवरची चित्रं काढणारा एक वेगळा कामगार बसलेला असतो, ते ग्राफिक्स कार्ड. जुन्या डेस्कटॉपमध्ये हा कामगार म्हातारा झालेला असतो. जड गेम लावला की त्याला धाप लागते. मग तो लांबच्या वस्तू काढायच्या सोडून देतो आणि अगदी जवळ आल्यावर घाईघाईने काढतो. म्हणून जुन्या मशीनवर गेममधली झाडं, खांब, घरं रस्त्यावर अचानक उगवतात. लोकांना वाटतं, बाजारातलं सगळ्यात मोठं कार्ड आणून टाकलं की झालं. तसं नसतं हो. पॉवर सप्लायला तेवढी ताकद हवी, डब्यात तेवढी जागा हवी, प्रोसेसर त्याच्या जोडीने पळणारा हवा. कोलशेतचे एक शेठ, तिथले मूळचे, आता मोठे जमीनवाले, हातभर लांब कार्ड घेऊन आलेले. मी म्हटलं, मावत नाही. ते म्हणाले, "बाय, मावत नाय त पेटी काप ना." मी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या इमारतीच्या कामावरच्या ग्राइंडरने डबा कापला, आणि लोखंडाचा सगळा भुगा मदरबोर्डवर सांडून तो माझ्याकडेच परत आणला.

दुसरं म्हणजे दसरा. दसऱ्यानंतरचा आठवडा हा आमचा सीझन. घरोघर कॉम्प्युटरची पूजा होते आणि हळद, कुंकू, अक्षता डब्याच्या वरच्या जाळीतून आत पडतात. पंखा ते सगळं ओढून कार्डावर नेऊन बसवतो. पूजा करा, पण समोरच्या बाजूला बोट लावा, जाळीवर नको, असं सांगून माझी जीभ झिजली. कोणी ऐकत नाही.

कार्ड खराब व्हायला लागलं की स्क्रीनवर नको तिथे ठिपके, पट्टे, चौकोन उमटतात. धंद्यातली मंडळी त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. मी रांगोळी म्हणते. अशा शेकडो रांगोळ्या मी पाहिल्यात आणि कधी घाबरले नाही. एकीलाच घाबरले. तेच लिहायला बसलेय.

तावडे काका दुकानात आले ते दुपारी, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात काळे बूट. निवृत्त मोटरमन, राहायला कल्याण पूर्वेला. टेबलासमोर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मला लांबचं दिसेल असं कार्ड हवंय."

मी चेष्टेत म्हटलं, "लांबचं दिसायला चष्मा लागतो, काका."

ते हसले नाहीत. "नजर चांगली आहे माझी. शेवटपर्यंत तपासून घेतली रेल्वेने. कार्डाला दिसत नाही."

तर झालेलं असं, की निवृत्तीनंतर त्यांच्या भाच्याने त्यांच्या घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर एक ट्रेन चालवायचा खेळ टाकून दिलेला. कुणी हौशी पोरांनी त्यात कल्याण ते ठाणे हा आपला मार्गही बनवून जोडलाय, प्रत्येक स्टेशन, प्रत्येक सिग्नल जागच्या जागी. काका रोज दुपारी तो खेळायचे. खेळायचे म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, "चालवतो" म्हणायचं. असली गिऱ्हाइकं मला आवडतात. निदान खरं कारण सांगतात, असं मला तेव्हा वाटलं.

जुनं मशीन बघितल्याशिवाय मी कार्ड विकत नाही. म्हणून त्यांच्या घरी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत तुळस, भिंतीवर रेल्वेने निरोपाला दिलेलं घड्याळ. मालतीकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेल्या त्या गेल्याच. काका कॉम्प्युटरसमोर बसले. गाडी कल्याणच्या फलाटावर उभी, सिग्नल हिरवा, आणि हे नुसते बसून. मी म्हटलं, "चालू करा ना." इतक्यात आतून वाटीवर चमच्याचे दोन ठोके ऐकू आले, टण टण. तेव्हा कुठे गाडी हलली.

"गार्डाने दोन बेल दिल्याशिवाय मोटरमन गाडी काढत नाही," काका म्हणाले. "हिला सांगून ठेवलंय."

मला आधी गंमत वाटली. म्हटलं, बायकोला निवृत्तीनंतरही नोकरीला लावलंय. काकांचा उजवा हात कीबोर्डवर आणि डावा तळवा टेबलाच्या कडेवर घट्ट दाबलेला. खऱ्या गाडीत हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की गाडी थांबते. टेबलाला तसलं काही नव्हतं, तरी ते दाबून बसलेले.

ठाकुर्ली आलं. फलाटावर कोणी नाही. मग डोंबिवली. मी जन्मापासून डोंबिवलीची. माझं स्टेशन, तो पूल, ती पाटी, सगळं ओळखीचं, आणि फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही माणूस नाही. सकाळचं कोवळं ऊन पडलेलं आणि कोणीच नाही. मला ते बघवेना. मी विचारलं, "माणसं कुठे गेली?"

"बंद केली. गाडी अडखळायची. भाचा म्हणाला, कार्डाला माणसं झेपत नाहीत."

बरोबर होतं ते. मी खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बघितलं. माणसं बंद, गुरं बंद, पक्षीसुद्धा बंद. मार्गावर जिवंत असं काहीच काढायचं नाही, असा कार्डाला हुकूम होता.

कोपर सुटलं. स्टेशनाच्या पुढे दोन्ही बाजूंना खाडीची खारफुटी, ती पण नुसती हिरवी पुठ्ठ्यासारखी. गाडी वेगात. काका शांतपणे म्हणाले, "आता बघा."

दिवा स्टेशनाच्या अलीकडे रुळांच्या मधोमध एक काळं काहीतरी उगवलं. माणसाच्या उंचीचं, उभं. वरच्या एका बाजूने एक तुकडा बाहेर आलेला, हात वर केल्यासारखा. एक क्षण तो समोर होता आणि पुढच्या क्षणी गाडी त्याच्यातून निघून गेली. काकांनी दिव्याच्या फलाटावर गाडी बरोबर खुणेशी थांबवली, मग माझ्याकडे वळले.

"दिसला?"

रांगोळी आहे हे मला त्याच क्षणी कळलेलं. काळे चौकोन, कडा फाटलेल्या, कार्डाची मेमरी गेल्याचं साधं लक्षण. त्या जागचं चित्र दर वेळी मेमरीच्या त्याच खराब कोपऱ्यात भरलं जात असणार, म्हणून डाग तिथेच येतो. हे सगळं मला कळत होतं. तरी हातावर काटा उभा राहिला तो राहिलाच. मी म्हटलं, "काहीतरी काळं दिसलं."

"किती लांबून दिसला?"

"अगदी जवळ आल्यावर."

"तेच तर. तिथून गाडी थांबत नाही. कोपर सोडल्या सोडल्या दिसला, तर मी थांबवेन. तेवढंच कार्ड द्या मला."

मग त्यांनी सांगितलं. त्याच जागी, नोकरीच्या उत्तरार्धात, सकाळच्या चांगल्या उजेडात एक जण रुळात उभा होता. भोंगा दिला, ब्रेक मारला, गाडी थांबली ती त्याच्या पुष्कळ पुढे जाऊन. "चौकशी झाली, माझ्यावर काही नाही. ड्युटीवर असताना आणखीही झाले, मॅडम. कुठल्याही मोटरमनला विचारा. पण बाकीचे पाठमोरे होते, नाहीतर पळत होते. हा तोंड करून उभा होता. हात वर. थांब म्हणत होता की काय, ते मला कळलं नाही. वेळच नव्हता." एवढं बोलून त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली आणि मुंब्रा, कळवा करत ठाण्याला नेऊन सोडली. मग उठून हात धुतले आणि जेवायला बसले. हा त्यांचा रोजचा क्रम.

निघाले तर काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वृंदा ना गं तुझं नाव? एक ऐक माझं. असं कार्ड घाल की तो दिसणारच नाही."

"तुम्ही बघितलाय?"

"मी नाही गं बघत. मी आतून बेल देते आणि गॅसपाशी उभी राहते. कोपर गेलं की यांचा श्वास बदलतो, तो मला आतपर्यंत ऐकू येतो. मला तो माणूस माझ्या घरात नको. कर ना काहीतरी."

एकाच मशीनवर नवऱ्याला तो लांबून दिसायला हवा आणि बायकोला दिसायलाच नको. धंद्यात नवराबायकोंची भांडणं मी खूप पाहिली, पण ती रंगावरून आणि किमतीवरून. रस्ताभर विचार करत आले. खरं तर विचार करायचं कारण नव्हतं. कार्ड बदललं की डाग जाणार, हे मला माहीत होतं. काकांना तेव्हाच सांगायला हवं होतं का, हा प्रश्न मला आजही पडतो. मला वाटलं, बघतील आणि सुटतील बिचारे.

कार्ड निवडायला मात्र मी जीव लावला. पॉवर सप्लाय जुना, जादा वायर नसलेला, म्हणजे स्लॉटमधूनच वीज घेऊन चालेल असं कार्ड हवं. डबा बुटका, म्हणजे कार्ड आखूड हवं. प्रोसेसर म्हातारा, त्याच्यापुढे फार तगडं कार्ड ठेवून उपयोग नाही. मॉनिटरला जुनी निळी पिन, ती नव्या कार्डांना नसते, म्हणून मधे जोड लागणार. या सगळ्यात बसेल आणि लांबवरचं स्वच्छ काढेल असं एक मध्यम कार्ड मला मिळालं. गाजलेलं नाही, पण गुणी. असं नेमकं कार्ड सापडलं की मला भाजी चांगली जमल्याचा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

दुपारीच बसवायला गेले. डबा उघडला तर आत कुंकूच कुंकू. जुन्या कार्डाच्या पंख्यावर लाल थर, फटीत अक्षता अडकलेल्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. काकू दारात येऊन म्हणाल्या, "दसऱ्याला हे गाडीला हार घालायचे. आता गाडी ही. मग मी हिची करते." जुनं कार्ड काढून पिशवीत टाकलं, सगळं पुसून नवीन बसवलं.

"आता माणसं चालू करता येतील, काका," मी म्हटलं.

"नको. बंदच असू देत. गर्दीत मला तो सापडायचा नाही."

आतून दोन ठोके पडले. गाडी निघाली. काय चित्र होतं म्हणून सांगू! रुळांमधली खडी मोजता येईल, तारांवरचा गंज दिसेल, खारफुटीचं एकेक पान वेगळं. डोंबिवलीचा फलाट धुतल्यासारखा स्वच्छ आणि तसाच रिकामा. कोपर सुटलं आणि समोर पार दिव्याच्या सिग्नलपर्यंत दोन चकचकीत रूळ. काका पुढे वाकले. त्यांनी भोंगा दिला. कोणीच नव्हतं. त्यांनी ब्रेक मारला आणि गाडी त्या जागेच्या बरीच अलीकडे थांबली.

"गेला कुठे?" काकांनी विचारलं.

मी समजावलं. मेमरी, डाग, एकच जागा का, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तो त्या कार्डात होता."

"तो नव्हताच, काका. तो बिघाड होता."

"तेच म्हणतोय मी. त्या कार्डात."

काकू बाहेर आल्या. नवऱ्याचा चेहरा न बघताच त्यांनी माझ्या हातात शिऱ्याची बशी दिली. इतकं तूप घातलेला शिरा मी कुणाच्या बारशाला पण खाल्ला नव्हता.

जुनं कार्ड दुकानात आणलं. ब्रशने, स्पिरिटने साफ केलं. असली कार्डं सुट्या भागांसाठी भंगारात जातात, पण मला बघायचं होतं. दुकानातल्या मशीनला लावलं आणि त्याच्यावर असेल नसेल ते सगळं चालवलं. मेमरी तपासायचे प्रोग्रॅम लावले, तापवून काढलं, दिवसभर रगडलं. एक ठिपका आला नाही. शेवटी तो ट्रेनचा खेळ तोच मार्ग घालून लावला, तर कोपर, खारफुटी, दिवा, सगळं साफ. मी स्वतःला सांगितलं, कुंकवामुळे कुठेतरी संपर्क होत असेल, आता सुटला. कारण बरं होतं. तरी ते कार्ड भंगारात टाकायला माझा हात धजेना. ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

मग काकूंचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी म्हटलं नंतर करते, तर म्हणाल्या, "आत्ता ये."

गेले तर काका कॉम्प्युटरसमोर. गाडी उभी, कोपर आणि दिव्याच्या मधे. डावा तळवा टेबलावर दाबलेला, बोटं पांढरी पडलेली. दाढी वाढलेली. हा माणूस इस्त्रीशिवाय खाली दूध आणायला जात नसे. सिग्नल हिरवा.

"काका, सिग्नल दिलाय. काढा ना गाडी."

"तो यायचाय अजून."

"कोण?"

त्यांनी हात न उचलता माझ्याकडे नुसती मान वळवली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "पूर्वी कुठे उभा आहे हे तरी ठाऊक होतं. आता नाही. मी गाडी काढली आणि तेवढ्यात आला तर? या वेळी मला थांबायला जागा आहे. मी कशाला घाई करू?"

काकूंनी मला आत बोलावलं. गॅसवर काहीच नव्हतं. "आधी रोज जायचे त्याच्या अंगावरून," त्या म्हणाल्या, "पण ठाण्याला पोचायचे गं. उठून जेवायचे, माझ्याशी बोलायचे. आता उठतच नाहीत. खुर्चीत झोपतात. हात काढला आणि तेवढ्यात तो आला तर, म्हणतात. वृंदा, ते जुनं कार्ड आहे का तुझ्याकडे? परत घाल."

"काकू, तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. तो नकोच होता मला. पण तो नाही म्हटल्यावर माझा माणूस पण राहिला नाही."

चांगलं कार्ड काढून खराब बसवायचं हे काम मी कधी केलेलं नव्हतं. शिवाय ते कार्ड आता खराब नव्हतंच, दुकानात साफ चाललेलं. लावलं आणि तिथेही कोणी आलं नाही, तर? मी हे काकूंना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत कार्ड घेऊन गेले आणि काकांना म्हटलं, "जुनं घालतेय." त्यांनी हात काढला आणि बाजूला सरकले. अजिबात विरोध केला नाही.

या वेळी दोन ठोके आतून आले नाहीत. काकू बाहेर येऊन काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी खुर्चीच्या लाकडावर बोटाने टकटक केलं, दोनदा. गाडी निघाली. ठाकुर्ली, डोंबिवली, पुन्हा तेच पुठ्ठ्याचं जग. कोपर सुटलं आणि काकांनी वेग तोडला. माणूस चालेल इतका कमी केला. खारफुटी सरकत होती. रूळ रिकामे होते, आणखी रिकामे होते, आणि मग तो उगवला.

काकांनी ब्रेक लावला. गाडी थांबली, त्याच्या पुढ्यात, दोन हातांवर.

इतका वेळ तो कधीच कुणी पाहिला नव्हता. एरवी तो निमिषभर दिसायचा. आता गाडी उभी आणि तोही उभा. मी तंत्रज्ञ आहे, मला काळे चौकोन दिसले, कडेला जांभळट रेघा, मधे खारफुटीचा एक तुकडा चुकून चिकटलेला. तोंड नाही, कपडे नाहीत. मी एवढंच सांगू शकते. काकू मात्र खुर्चीवरून पुढे वाकल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "किती बारीक आहे हो हा."

"पोरगाच होता," काका म्हणाले.

दोघं बराच वेळ बघत राहिली. मला तिथे थांबावंसं वाटेना आणि निघताही येईना. शेवटी काकांनी टेबलावरचा डावा हात उचलला, दुसऱ्या हाताने चोळला आणि म्हणाले, "थांबली. आता तो बाजूला होईपर्यंत हलवायची नाही." मग काकूंकडे वळून विचारलं, "खायला काही आहे का गं?"

त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर बंद झालेला नाही. बंद केला तर गाडी पुन्हा कल्याणहून निघणार, आणि ते काकांना नकोय. मी मोठी बॅटरी बसवून दिली, लाइट गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून. काका आता त्याच्यासमोर बसत नाहीत. खाली बाकावर जाऊन मित्रांशी भांडतात, भाजी आणतात, पलंगावर झोपतात. येता जाता स्क्रीनकडे एक नजर टाकतात, दूध उतू जात नाही ना बघावं तशी. काकूंनी शेजारी एक छोटा पंखा लावलाय. दसऱ्याला फोन करून त्यांनी मला विचारलं, कुंकू कुठे लावू. मी म्हटलं, टेबलाला लावा.

मधून मधून मी जाते. चालू मशीन साफ करणं हे जिकिरीचं काम, एरवी कुणाला करू देणार नाही. डबा उघडून फुंकर मारते, ब्रश फिरवते, श्वास रोखून. माझ्या दुकानातली मंडळी हसतात, म्हणतात मॅडम कुणाच्या अतिदक्षता विभागात निघाल्या. हसू देत. मी देवभोळी नाही आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या घरातून निघताना मी स्क्रीनकडे पाठ करत नाही, हेही खरं आहे.

मागच्या खेपेला गेले तेव्हा साफसफाई झाल्यावर सवयीने स्क्रीन बघितली आणि पुन्हा बघितली. तो मधोमध नव्हता. दिव्याकडे तोंड केलं तर उजव्या हाताला, खाडीच्या बाजूला, थोडा सरकलेला होता. वरचा तो हातासारखा तुकडाही खाली आलेला. खराब मेमरी पसरत गेली की डाग असे जागा बदलतात. याचा अर्थ एकच, कार्ड मरायला टेकलंय. पंखाही आता आवाज करतो. नवीन कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये डब्यात घालून तयार आहे, पण ते घातलं तर रूळ पुन्हा रिकामे होतील.

सांगावं की नको, असा विचार करत मी उभी होते. मागे काका येऊन उभे राहिले, भाजीची पिशवी हातात.

"बघितलंत?" ते म्हणाले. "निघालाय."

"हो, काका."

"हळूहळू जातोय. जाऊ दे. आपल्याला कुठे घाई आहे."

मी हातातला ब्रश पिशवीत टाकला. रुळाच्या कडेपासून तो अजून थोडासा आत आहे. तेवढा बाहेर पडेपर्यंत ते कार्ड टिकलं पाहिजे.